सक्तीचा ठराव मीच मांडला होता

२०२४ च्या सोयाबीनचा हिशोब एकदाचा मे २०२५ मधे मिटला. पुढची पेरणी तोंडावर आली, परत तोच सक्तीचा विषय निघाला, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं. आमच्या कंपनीत, म्हणजे शेतकरी उत्पादक कंपनीत, २०२४ च्या हंगामाआधी ठराव झाला होता की सभासदानं सगळं सोयाबीन कंपनीलाच घालायचं, बाहेर विकायचं नाही, विकलं तर क्विंटलमागं १०० रुपये दंड. ठराव मांडणारा मी. दंड भरणाऱ्यांच्या यादीत तिसरं नाव पण माझंच. गावातली पोरं अजून हसतात, हसू द्या.

आमचं गाव भोकर तालुक्यातलं, नांदेड जिल्हा. तेलंगणाची हद्द जवळच. आधी सगळं कापसाचं रान होतं, आता बहुतेक सोयाबीन आणि मधे तुरीचे तास. केंद्र सरकारनं २०२० ला दहा हजार एफपीओची, म्हणजे शेतकरी उत्पादक संघटनांची, स्कीम काढली त्यात आमची कंपनी निघाली. ३०० सभासद लागतात म्हणून तीन गावं फिरून ३१२ गोळा केले, प्रत्येकी २००० चा शेअर, त्यावर तेवढेच सरकारकडून. कागदावर ३१२, पण खरा माल घालणारे शंभर-सव्वाशे, बाकीचे काहीतरी सरकारी मिळेल म्हणून बसलेले. असं सगळीकडंच असतंय म्हणा.

सक्तीची गोष्ट निघाली ती २०२३ च्या फजितीमुळं. एका तेल मिलशी आम्ही ८ गाड्यांचं बोलून आलो होतो, मिलपोच भाव ठरला, बाजारापेक्षा ७०-८० जास्त होता, सगळे खुश. आणि नेमका त्याच आठवड्यात बाजार दीडशे-दोनशेनं उठला. झालं, जे सभासद मीटिंगमधे माना डोलवत होते ते पहाटं ट्रॅक्टर भरून मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीच्या आवारात. कंपनीच्या शेडमधे माल आला तीन गाड्यांचा, तिसरी पण निम्मी. मिलवाला काही बोल्ला नाही, फक्त विचारलं की तुमच्यात सभासद किती अन माल किती. ते लागलं मला. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच, सक्ती केल्याशिवाय हे टिकत नाही. व्यापारी भावाशी बोलतो ते मालाच्या जोरावर, आणि माल आपल्या हातात आहे की नाही हेच आपल्याला माहीत नसेल तर बोलणार काय.

ऑगस्ट २०२४ मधे समाजमंदिरात मीटिंग घेतली. माझं म्हणणं सरळ होतं. बी आणि घरचं सोडून सगळा माल कंपनीत. कंपनी चाळणी करून, वाळवून, एका गोदामात लावणार, माल टाकल्यापासून आठ दिवसांत ६० टक्के पैसे, बाकीचे सगळा माल विकल्यावर, आणि भाव सगळ्यांना एकच, हंगामभराच्या विक्रीची सरासरी. नोव्हेंबरात विकलेली गाडी कुणाची अन मार्चमधली कुणाची हा विषयच नाही. एक ढीग, एक भाव.

पहिला विरोध घरातूनच झाला. आमचे दादा, म्हणजे वडील, ७४ वर्षांचे, मागं भिंतीला टेकून बसलेले. ते म्हणाले, "हे आमी पाहिलंय. कापसात पाहिलंय."

कापूस एकाधिकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९७२ पासून आपल्या राज्यात कापूस फक्त सरकारी केंद्रावर घालायचा कायदा होता, खासगी व्यापाऱ्याला खरेदीच बंद, आणि माल राज्याबाहेर नेणं म्हणजे गुन्हा. ठरलेला भाव आधी द्यायचे, पुढं गाठी विकून फायदा झाला तर बोनस, त्यातूनही कपात. म्हणजे मी जे ऑगस्टमधे नवीन शोध लावल्यासारखं सांगत होतो ते सगळं दादांनी तीस वर्षं भोगलेलं. केंद्रावर तीन-तीन दिवस बैलगाड्यांची रांग, बैलांना कडबा घरून न्यायचा, आणि ग्रेडरच्या हातात सगळा खेळ. तोच कापूस सकाळी एका ग्रेडचा आणि संध्याकाळी ओळख निघाली की वरच्या ग्रेडचा. आणि पैसे तुकड्यातुकड्यात.

मग काय करायचे, तर रात्री गाडी जुंपून भैंशाला. भैंसा तेव्हा आंध्रात, बाजार मोकळा, रोख पैसे. नाक्यावर पोलीस, म्हणून आडवाटंनं, बैलाच्या गळ्यातली घुंगरं काढून ठेवायची. दादा हे सांगताना मीटिंगमधले म्हातारे सगळे हसायले, कारण सगळेच गेल्ते. स्वतःच्या रानातला कापूस चोरासारखा नेलाय, असं दादा म्हणाले, अन परत तसं जगायचं नाही. त्यांच्याही आधी आजोबांच्या काळात ज्वारीची लेव्ही होती, म्हणजे सरकारला सक्तीनं धान्य घालायचं, तलाठी जमिनीत पुरलेलं धान्याचं पेव शोधत फिरायचा, तो किस्सा पण निघाला. लेव्ही, मग एकाधिकार, आता ह्यो आमचा पोरगा, असं कुणीतरी म्हणालं अन पुन्हा हशा.

पण एक गोष्ट दादांनी स्वतःच कबूल केली, आणि मला ती महत्त्वाची वाटते. एकाधिकार होता तेव्हा व्यापाऱ्याच्या ओट्यावर जाऊन हात जोडायची वेळ कापसापुरती तरी नव्हती. लहान शेतकऱ्याचा दोन क्विंटल अन पाटलाचा शंभर क्विंटल, एका ग्रेडला भाव एकच. बाहेर भाव पडलेला असायचा त्या वर्षी तर उलटी गंगा, परराज्यातला कापूस गुपचूप आपल्या केंद्रावर यायचा. बाहेर भाव जास्त की माल बाहेर, आत भाव जास्त की माल आत. योजना हजारो कोटींच्या तोट्यात गेली त्याचं एक कारण हेच, आणि २००२ च्या हंगामापासून व्यापाऱ्यांना मोकळीक मिळाली. शरद जोशींच्या संघटनेत दादा फिरलेले आहेत, भीक नको हवे घामाचे दाम, त्यामुळं बंदी म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं. त्यांचं मत असं की सक्ती करणाऱ्याला चांगलं काम करायची गरजच उरत नाही. माल येणारच आहे, मग काटा कशाला नीट करायचा.

हे मला तेव्हा पटलं नव्हतं. आपली कंपनी म्हणजे काय सरकार आहे का, असं मी म्हणालो. ग्रेडर आपला, काटा आपला.

मग एक तरुण पोरगा उठला, आमच्या भावकीतलाच, सारखा मोबाईलवर भाव बघणारा. त्याचं म्हणणं, २०२१ च्या ऑगस्टला सोयाबीन दहा हजारावर गेल्तं, तेव्हा कंपनी असती तर सहा हजारातच विकून मोकळी झाली असती अन आम्ही बघत बसलो असतो. ज्याला दम आहे त्यानं ठेवावं, ज्याला नाही त्यानं विकावं, तुम्ही मधे कोण? टाळ्या पडल्या. मी विचारलं, त्या ऑगस्टला तुझ्या घरात किती क्विंटल होतं? तो गप्प. कुणाच्याच घरात नव्हतं हो. ऑगस्टमधे शेतकऱ्याकडं सोयाबीन कुठून असणार, तो दहा हजार गोदामवाल्यांना मिळाला, आणि आपला नवा माल मोंढ्यात येईपर्यंत पेंड आयातीला परवानगी मिळून भाव घसरलेला. त्याच डिसेंबरात सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, पण बंद केले. पण तो दहा हजाराचा आकडा लोकांच्या डोक्यातून जात नाही, तीन वर्षं झाली तरी लोक घरात थप्पी लावून त्याची वाट बघतात.

एका सभासदाचा भाचा कॅनडात आहे, सास्काचेवानला, ट्रक दुरुस्तीच्या कामावर. त्यानं मामाला फोनवर सांगितलेलं ते मामांनी मीटिंगमधे सांगितलं, आम्हाला आधी वाटलं फेकायलेत. पण नंतर मी शोधून वाचलं तर खरं निघालं. तिकडच्या गव्हाच्या प्रांतांत १९४३ पासून सक्ती होती, निर्यातीचा आणि माणसाच्या खाण्याचा गहू विकायचा तर कॅनेडियन व्हीट बोर्डालाच. आधी एक हप्ता, मग वर्षभराच्या विक्रीची सरासरी काढून उरलेले पैसे. काही शेतकऱ्यांनी निषेध म्हणून आपला गहू हद्द ओलांडून अमेरिकेत नेला, दंड झाला, तो भरायला नकार दिला आणि २००२ ला तुरुंगात गेले. शेवटी १ ऑगस्ट २०१२ ला सक्ती उठली. भाचा म्हणतो तिथले म्हातारे अजून या विषयावर भांडतात, अर्धे म्हणतात मोकळं झालो, अर्धे म्हणतात मोठ्या कंपन्यांच्या तावडीत गेलो. दादांना ही गोष्ट फार आवडली. गोऱ्यांचं पण भैंसा होतं म्हणाले.

त्या मीटिंगमधे सगळ्यात कामाचा प्रश्न विचारला तो एका काकूंनी. नाव लिहीत नाही. नवरा वारल्यापासून एकट्या चार एकर करतात, बाया बसतात त्या कोपऱ्यातून म्हणाल्या, "भाव राहू दे बाबा, पैसे कवा देणार तेवढं सांग." मी म्हटलं काकू, आठ दिवसांत ६० टक्के. "नक्की?" म्हटलं नक्की. कशाच्या जोरावर म्हणालो तर गोदाम पावतीवर बँक मालाच्या ७० टक्क्यांपर्यंत कर्ज देते, त्यातून सभासदांना उचल द्यायची, असं आमच्या मॅनेजरनं समजावलेलं. कागदावर एकदम बरोबर होतं.

हात वर करून मतदान झालं. ६१ बाजूनं, ३४ विरोधात, बाकीचे चहा प्यायला बाहेर. ठराव पास.

ऑक्टोबरमधे जे झालं ते सगळ्यांनाच माहीत आहे. काढणीच्या तोंडावर पाऊस, कापलेल्या ढिगांवर ताडपत्र्या, शेंगा ओल्या. माझं सहा एकर होतं, एकरी सातच्या उताऱ्यानं ४२ क्विंटल झालं. मळणी केली तर दाणा दाताखाली चिकटायला, मग रस्त्यावर पसरून वाळवलं चार दिवस, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या शिव्या खात. हमीभाव त्या वर्षी ४८९२ होता आणि मोंढ्यात चालू होतं ३७०० पासून ४२०० पर्यंत. ओलावा बघून भाव, आणि ओलावा कुणाच्या मशीनवर हा वेगळाच विषय. एकाच पोत्यातून दोन मुठी घेतल्या, कंपनीच्या मीटरवर १५.८ आला आणि मोंढ्यातल्या एका खरेदीदाराच्या मीटरवर १७.२. त्याला म्हटलं तर म्हणतो मालक, तुमचं मशीन गरीब आहे. बरं वर क्विंटलमागं एक किलो कडता, म्हणजे वजनातली कपात, वेगळा, हमाली तोलाई वेगळी.

इथं कंपनीचं काम खरंच चांगलं झालं, ते सांगितलं पाहिजे. काटा सगळ्यांसमोर, मीटर सगळ्यांसमोर, चाळणीतून निघालेलं मातेरं ज्याचं त्याला परत. १३ टक्के ओलाव्याच्या आतलं एका बाजूला, १३ ते १५ दुसऱ्या बाजूला, दोन ढीग. आधी एकच ढीग म्हणालो होतो पण पहिल्याच दिवशी भांडण झालं. ज्यानं रस्त्यावर चार दिवस राखण करून वाळवलं त्यानं घाईत आणलेल्या ओल्या मालाबरोबर एकच भाव का घ्यावा. बरोबरच होतं त्याचं. सरासरीची गंमत अशी आहे, ती ऐकायला न्याय्य वाटते जोवर आपला माल सरासरीपेक्षा चांगला नसतो.

मी २० क्विंटल टाकलं पहिल्या आठवड्यात. बाकीचं २२ घरी, वाळायचं होतं. काकूंनी त्यांचं होतं तेवढं सगळं टाकलं, १६ क्विंटल, बियापुरतं एक कट्टा ठेवून. म्हणाल्या, तू म्हणालास म्हणून.

आणि मग बँक. मी काही बँकेला शिव्या द्यायला बसलो नाही, कोणती ते पण लिहीत नाही. पण आज संचालकांचे सिबिल, उद्या गोदामाचा विमा, परवा ठरावाच्या प्रतीवर सही राहिली, मग साहेब निवडणुकीच्या ट्रेनिंगला. आठ दिवसांचे पंधरा झाले. दिवाळी आली अन गेली. लोक मला रस्त्यात गाठून विचारायले. मी कुणाच्या दारावरून जायचं टाळायलो. पैसे आले ते ३१ व्या दिवशी.

त्या ३१ दिवसांत मी काय केलं ते आता लिहितो. हरभऱ्याची पेरणी निघून चाललेली, बी घ्यायचं, डीएपी मिळत नव्हता आणि मिळाला तर रोखच लागायचा. पोरगी नांदेडला हॉस्टेलवर, क्लासचा दुसरा हप्ता तटलेला, तिचा मेसेज, पप्पा सरांनी नाव वाचलं वर्गात. नेहमी अशा वेळी मी आडत्याकडं जातो, माझे जुने आडते आहेत, रात्री अकराला फोन केला तरी दहा हजार देतात. पण त्यांचा हिशोब साधा असतो, उचल घेतली की माल त्यांच्याच आडतीवर यायला पाहिजे. आणि मी तर वर्षभर त्यांच्या तोंडावर सांगत फिरलेलो की आता सगळं कंपनीत. जायला तोंड नव्हतं.

शेवटी शेजारच्या गावातल्या खासगी व्यापाऱ्याच्या काट्यावर गेलो. रात्री, टेम्पो सांगून, ९ क्विंटल. ३८५० नं गेलं, ३४,६५० रुपये रोख मोजून घेतले. परत येताना टेम्पोवाल्यानं गाणी लावलेली, मी म्हटलं आवाज कमी कर. मग माझं मलाच हसू आलं. बैलांची घुंगरं काढायचीच राहिली होती फक्त.

दादांना मी सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी थप्पी बघितली आणि एवढंच विचारलं, "भैंशाला किती भाव हाय सध्या?"

पुढचा घोळ तर कुणाच्या डोक्यातच नव्हता. हमीभाव केंद्रं सुरू झालेली पण १२ टक्के ओलाव्याची अट, त्यामुळं आमच्याकडचं कुणाचंच बसत नव्हतं, लोकांनी नाद सोडलेला. नोव्हेंबरच्या मध्याला, मतदानाच्या चार-पाच दिवस आधी, सरकारनं ओलावा १५ टक्क्यांपर्यंत चालेल असं केलं. एका दिवसात चित्र फिरलं. मोंढ्यात ४१००, केंद्रावर ४८९२, कोण थांबणार! पण केंद्रावर माल घालायचा तर शेतकऱ्याच्या स्वतःच्या नावानं नोंदणी, सातबारा, त्यावर सोयाबीनचा पेरा, आधार, बँक पासबुक, आणि हेक्टरी ठरलेल्या उत्पादकतेइतकाच माल. कंपनीच्या गोदामातला एकत्र ढीग कुणाच्या सातबाऱ्यावर दाखवणार? म्हणजे एकत्र करून आपण ताकद वाढवली असं म्हणत होतो, आणि नेमकी ती एकत्र केलेली थप्पीच हमीभावाला बाद.

लोक गोदामासमोर जमले. आमचा माल परत द्या. अहो कुठला तुमचा, ढिगात मिसळला. मग वजनानं द्या, तेवढंच उचलतो. ते तरी जमलं असतं, पण सगळी थप्पी बँकेकडं तारण, त्यांची सही आल्याशिवाय एक पोतं हलत नाही, आणि सही पाहिजे तर आधी कर्ज भरा, आणि कर्जाचे पैसे तर दोन दिवसांपूर्वीच वाटून झालेले. मॅनेजर पोरगा चोवीस-पंचवीस वर्षांचा, रडायच्या घाईला आलेला. मला त्या दिवशी एक म्हातारा म्हणाला, "एकाधिकारात निदान सरकारला शिव्या देता यायच्या, आता तुला दिल्या तर तुझ्या बापाला वाईट वाटंल."

तिथंच उभ्यानं मीटिंग झाली. ठरलं असं की घरी शिल्लक असलेला माल ज्यानं त्यानं केंद्रावर घालावा, त्याला दंड नाही, कारण ती सरकारी खरेदी आहे. व्यापाऱ्याला विकलेल्यावर दंड राहील. म्हणजे झालं काय बघा, ज्यांनी ठराव मोडून किंवा आळस करून माल घरी ठेवला होता त्यांना ४८९२, आणि ज्यांनी पहिल्या आठवड्यात इमानदारीनं टाकला त्यांचा अडकला. सगळ्यांचा नाही म्हणा. बटईनं, म्हणजे दुसऱ्याची जमीन वाट्यानं, करणारे पंधरा-वीस जण होते, त्यांच्या नावावर सातबाराच नाही, त्यांना केंद्र बंदच, त्यांच्यासाठी कंपनीचा ढीगच बरा होता. ते शेवटपर्यंत सक्तीच्या बाजूनं होते, त्यांचं म्हणणं की तुम्ही जमीनवाले निघून गेलात की आमच्या पाच गाड्यांना कोण विचारणार. यावर कुणाकडं उत्तर नव्हतं.

माझं १२ क्विंटल केंद्रावर गेलं, एक क्विंटल बियाला ठेवलं. त्यातही डिसेंबरात नंबर आला तर बारदाना संपलेला, ट्रॅक्टर दोन रात्री रांगेत, मी ट्रॉलीतच झोपलो. थंडी म्हणजे काय थंडी. दादा सकाळी डबा घेऊन आले, रांग बघितली, मागून पुढपर्यंत चालत जाऊन मोजून आले, ८४ ट्रॅक्टर. म्हणाले बैलं नाहीत एवढाच फरक आहे. ५८,७०४ रुपये खात्यावर आले जानेवारीत.

गोदामातला माल एप्रिलपर्यंत धरला, भाव वाढेल म्हणून. नाही वाढला. वाढायला कारणच नव्हतं, सगळ्यांच्याच थप्प्या पडून होत्या. विकला तेव्हा सरासरी ४१६५ पडली, त्यातून गोदाम भाडं, व्याज, हमाली धरून ११० वजा, हातात ४०५५. माझ्या २० क्विंटलचे ८१,१०० झाले. दिवाळीच्या वेळी मोंढ्यात ४१०० नं विकलं असतं तर कडता, हमाली, तोलाई जाऊन ४०१९ च्या आसपास पडलं असतं. म्हणजे क्विंटलला ३६ रुपये कंपनीनं जास्त दिले, एकूण ७२० रुपये. आणि काट्यावर विकलेल्या ९ क्विंटलचा दंड ९००. मी गेलो आणि भरला. मॅनेजर म्हणाला राहू द्या सर, कुणी बघितलं नाही. म्हटलं बापानं बघितलंय, फाड पावती.

काकूंचा हिशोब मी त्यांच्याकडं न विचारता केला, एका रात्री झोप येईना म्हणून. त्यांच्या चार एकराचा माल ओलाव्यात आणि मर्यादेत बसला असता असं धरलं तर १६ क्विंटलला ८३७ चा फरक. १३,३९२ रुपये. त्या काही बोलल्या नाहीत. भेटल्या की नेहमीसारखं चहा घे म्हणतात, त्याचाच जास्त त्रास होतो.

आता मला कुणी विचारलं की सक्ती बरोबर की मोकळा बाजार, तर मी दादांच्या बाजूला पूर्ण गेलोय असंही नाही. २०२३ ला मिलवाल्यानं विचारलेला प्रश्न अजून तसाच आहे, माल हातात नसेल तर बोलणी कशाची करायची. पण त्या ६१ जणांनी हात वर केले तेव्हा आम्ही भावावर तासभर भांडलो आणि पैशाच्या तारखेवर दोन मिनिटं. ज्याला ३१ दिवस काढता येतात त्याला सक्ती परवडते, ज्याला नाही तो रात्रीचा टेम्पो सांगतो, मग तो ठराव मांडणारा का असेना. आणि आडत्याला आपण कितीही नावं ठेवू, तो हे ओळखून आहे, म्हणून तर त्याचा धंदा चालतो. त्याच्याकडं सक्तीचा ठराव नसतो, उचलीची वही असते.

जून २०२५ ची मीटिंग झाली. त्या वर्षीचा हमीभाव ५३२८ जाहीर झालेला, त्यामुळं सगळ्यांची नजर केंद्रावरच, कंपनीला माल घाला म्हणायचीच चोरी. सक्ती काढून टाकली. त्याऐवजी प्रत्येकानं आधी लिहून द्यायचं, मी अमुक क्विंटल देणार, तेवढ्यापुरतंच बंधन, आणि बँकेची मंजुरी हातात पडल्याशिवाय गोदामात एक दाणा घ्यायचा नाही. उचल माल टाकल्याच्या चौथ्या दिवशी, नाही दिली तर माल परत न्यायला मोकळा. बटईवाल्यांसाठी वेगळी थप्पी, ती तारण न ठेवता. हे जमेल का माहीत नाही, मॅनेजर म्हणतो भांडवल कुठून आणायचं. दादा या वेळी पुढं बसले होते आणि त्यांनी ५ क्विंटल लिहायला लावलं, माझ्या नावावर नाही, स्वतःच्या.

वही फिरत फिरत बायांच्या कोपऱ्यात गेली. काकूंनी बराच वेळ बघितली, मग मला हाक मारली, "लिही." म्हटलं किती लिहू, १६? "चार लिही. आधी चार घेऊन दाखव."

चार लिहिलं.